अर्धी तिला, अर्धी मला

पावणेनऊला कापसावरचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होता. नऊला तो शर्टाच्या बटणाएवढा झाला. काकूनं पट्टी सोडली, नवा कापूस लावला, अंगठ्यानं दाबून धरला, मनात तीनशेपर्यंत मोजलं आणि अंगठा उचलला. पुन्हा टाचणीचं डोकं. बघता बघता पुन्हा बटण.

कुत्र्याच्या पायातून तपासणीला रक्त काढलं, की मिनिटभरात भोक मिटतं. कुत्रं तोवर ते विसरून कुणाचा तरी बूट हुंगायला लागलेलं असतं. या कुत्रीचा पाय मात्र वीस मिनिटं झाली तरी झिरपत होता. भळाभळा वाहिलं असतं तर काकू घाबरली नसती. भळाभळा वाहणाऱ्याला चिमटा लावता येतो. हे आपलं गुपचूप, कुणाला त्रास न देता चाललं होतं.

काकू या जनावरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं होती. पुढे आठ खुर्च्यांची बसायची खोली, मध्ये तपासणीची, मागे सरकत्या दाराची ऑपरेशनची. डॉक्टर कापायचे आणि शिवायचे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं काकूचं. कोण उपाशी आहे, कोण थरथरतंय, कुणाची जीभ गुलाबी आहे आणि कुणाची पांढरट पडायला लागलीये, भुलीतून उठताना कुणी मान वाकडी करून श्वास कोंडून घेतलाय, सगळं तिच्याकडे. जनावर झोपलं की तिचं एक बोट त्याच्या मांडीच्या आत, नाडीवर. यंत्र होतंच शेजारी टुकटुक करत, पण काकूचं म्हणणं, यंत्राची पिन निघाली तरी ते टुकटुकतं, माझं बोट निघालं तर मला कळतं.

डॉक्टर तिला समोर ‘काकू’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘थांबाकाकू’. कारण डॉक्टरांनी सुरी हातात घेतली, की ही म्हणणार, ‘थांबा.’ थांबा, याचा एक दात हलतोय, नळी घालताना पडेल. थांबा, हिचं अंग गार आहे. एकदा ‘आमच्या सोनीचं गर्भाशय काढायचंय’ म्हणून आणलेली सोनी टेबलावर उताणी झाल्यावर काकू म्हणाली, ‘थांबा. सोनी बोका आहे.’ मालकीणबाई बाहेरून ओरडल्या, ‘असं कसं होईल? चार वर्षं आम्ही तिला सोनीच म्हणतोय!’

माणसं खोटं बोलतात, हे काकू इथेच शिकली. बोटाला बँडेज बांधलेले गृहस्थ छातीठोकपणे सांगतात, ‘आमचा अजिबात म्हणजे अजिबात चावत नाही.’ ऑपरेशनच्या सकाळी बाई शपथेवर सांगतात, ‘उपाशी आहे हो, पाणीसुद्धा नाही दिलं. म्हणजे दूध दिलं वाटीभर. दूध म्हणजे काय खाणं झालं का?’ आणि भुलीखाली ते वाटीभर दूध उलटून फुफ्फुसात गेलं, की वाटीएवढ्यानं जीव जातो.

म्हणून काकूची एक पद्धत होती. तेच प्रश्न ती तीनदा विचारायची, तीन जागी. एकदा काउंटरवर, एकदा वजनकाट्यापाशी, आणि एकदा आतल्या दाराशी, पट्टा मालकाच्या हातातून आपल्या हातात घेताना. काउंटरवर माणूस शहाणपणानं बोलतो, काट्यापाशी घाईनं बोलतो आणि पट्टा सुटताना खरं बोलतो. काय खाल्लं, काय दिलं, काय लपवलं, ते तिसऱ्या खेपेला बाहेर येतं.

आज तिसरी खेप राहिली होती.

कुत्रीचं नाव बाईसाहेब. तपकिरी, तेरा वर्षांची, हनुवटी पांढरी झालेली. तिला घेऊन आले होते एक आजोबा, जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेले, गुडघ्यांनी अधू, बोलणं मोजून-मापून. सोबत त्यांची मुलगी, जिचं बोलणं थांबतच नव्हतं. ‘बाबा, बसा. बाबा, तिथे नको, पंखा लागेल. बाबा, पाणी प्यायलात का? काकू, ही दोन दिवस जेवली नाही, पाणी मात्र बादलीभर पितेय, पोट बघा कसं टम्म झालंय.’ त्यावर आजोबांचं एकच, ‘हं.’

काउंटरवर काकूनं विचारलं होतं, ‘हिला काही गोळ्याबिळ्या चालू आहेत का?’

‘नाही. जंताची दिली होती, ती पण गेल्या वर्षी. बाबा, तुम्ही काही दिलं का हिला?’

‘मी काय देणार? मलाच तू मोजून देतेस.’

काट्यापाशी पुन्हा तेच उत्तर, पुन्हा मुलीच्या तोंडून. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. गर्भाशयात पू झाला होता, फुग्यासारखा. आजच काढायचं. मग एकच धांदल उडाली. काकूनं पळत जाऊन ऑपरेशनची खोली लावली, आणि दाराशी पट्टा आजोबांच्या हातातून मुलीनं घेतला, मुलीच्या हातातून काकूनं घेतला. आजोबा दोन पावलं मागेच राहिले. काकूनं दार सरकवलं. तिला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, पण पोट टम्म होतं आणि घड्याळ पळत होतं.

आता कापसाकडे बघताना तिला ती दोन पावलं आठवत होती.

डॉक्टर हात धुऊन आले. त्यांना प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायची सवय. ‘चला चला चला. रिपोर्ट आला, रिपोर्ट आला. पेशी ठीक, लिव्हर ठीक, सगळं ठीक.’

‘थांबा,’ काकू म्हणाली.

‘आता काय, काकू? बोका आहे?’

‘रक्त थांबत नाहीये.’

डॉक्टर वाकले. ‘म्हातारी आहे. शीर फुटली असेल.’

‘तीनदा दाबलं. शीर एकदा फुटते.’

‘पोटात केवढा पू आहे, कल्पना आहे ना? आत फुटला, तर दुपार बघायची नाही ही.’

‘म्हणूनच म्हणतेय. आत्ता सुईचं भोक आहे. तुम्ही वीतभर कापणार.’

डॉक्टरांनी कापसाकडे पाहिलं. बटणाचा आता रुपया होत होता. ‘दहा मिनिटं,’ ते म्हणाले. ‘दहा म्हणजे दहा म्हणजे दहा.’

बाहेर मुलगी फोनवर कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होती. आजोबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीवरच्या मांजरांच्या तक्त्याकडे बघत होते, एकही मांजर न दिसता.

‘आजोबा, जरा आत येता? वजन परत घ्यायचंय. तुम्ही नसलात की ती काट्यावर उभी राहत नाही.’

मुलगी फोन कानाला धरूनच उठली. ‘मी येते ना. बाबांना गुडघ्याचं—’

‘ताई, तुम्ही एवढा फॉर्म भरा. दोन्ही बाजूंनी. मागची बाजू विसरू नका, लोक विसरतात.’ मागच्या बाजूला पिसवांची सचित्र माहिती होती.

आतल्या खोलीत काट्याचं कुणी नावही काढलं नाही. बाईसाहेब टेबलावर पडून होती, एका पायात सलाईन, दुसऱ्या पायावर लाल होत चाललेला कापूस. आजोबांनी तिच्या कानामागे बोटं घातली. तिनं डोळे न उघडता शेपटीचं टोक एकदा हलवलं.

‘आजोबा, हे बघा.’ काकूनं कापूस उचलला.

ट्रकवाला माणूस. बघताक्षणी म्हणाले, ‘हे गळतंय.’

‘गळतंय. अर्ध्या तासापासून. रिपोर्टात काही नाही, म्हणजे कुणीतरी तिला काहीतरी दिलंय. मला ओरडायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. फक्त काय दिलं ते हवंय. ते कळल्याशिवाय पोट उघडलं, तर ते बंद करायची वेळ येणार नाही.’

‘काही नाही दिलं.’

‘बरं.’

काकूनं नवा कापूस लावला आणि अंगठ्यानं दाबून धरला. बाहेरून मुलीचा आवाज येत होता, ‘नाही गं, ते काय सांगणार, त्यांना काय आठवतं!’ आजोबांनी दाराकडे पाहिलं.

‘तिला सांगाल.’

‘नाही सांगणार.’

‘ती कुत्री घेऊन जाईल माझी. कधीपासून म्हणतेय, तुमचं तुम्हाला होत नाही, हिचं कुठे करत बसता. शब्द द्या.’

‘दिला,’ काकू म्हणाली. पटकन म्हणाली. दहापैकी सहा मिनिटं संपली होती.

आजोबांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. चार घड्या. आत दोन रंगांच्या दोन अर्ध्या गोळ्या, भाजीच्या सुरीनं कापलेल्या, कडा भुगा झालेल्या. ‘ही आजची राहिली. खातच नाहीये ती काही.’

‘कसल्या आहेत?’

‘माझ्या. रक्त पातळ करायच्या. झटका आला होता ना मला. मोठे डॉक्टर म्हणाले, या चुकवायच्या नाहीत, यानं आयुष्य वाढतं.’ ते कुत्रीकडे बघत बोलत होते. ‘तेरा वर्षांची झाली ही. हिचं वाढायला नको? अर्धी तिला, अर्धी मला.’

‘किती दिवस?’

‘सव्वा महिना. रोज. कालपर्यंत एक दिवस चुकवला नाही.’ यात थोडा अभिमानही होता.

काकूनं डॉक्टरांना पुडी दाखवली. त्यांनी कुत्रीचा वरचा ओठ उलटा केला, आतल्या बाजूला पात्याच्या टोकानं एवढीशी चीर दिली आणि घड्याळ लावलं. चार मिनिटांत थांबायला हवं. काकूनं टिपकागद धरला होता. चार झाली. सहा झाली. आठव्या मिनिटाला डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं.

‘गोळ्यांचा असर जायला आठवडा लागेल,’ ते म्हणाले. ‘हिच्याकडे आठवडा नाही. रक्त मागवा.’

डॉक्टर एकदाच बोलले होते. चला नाही, रिपोर्ट नाही, एक वाक्य एकदा. एकोणीस वर्षांत डॉक्टर एकदाच बोलायला लागले, असं तिनं चारदा ऐकलं होतं, आणि त्या चारांपैकी एकच जनावर चालत घरी गेलं होतं.

रक्त म्हणजे पहिलवान. रोपवाटिकावाल्याचा चाळीस किलोचा कुत्रा, याआधी दोनदा रक्त दिलेला. काकूनं फोन लावला. पलीकडून दणदणीत आवाज, ‘पहिलवान केव्हाही तयार, काकू! फक्त आत्ताच दाबून जेवलाय. चालेल ना? त्याला कुठे कापायचंय!’ पाऊण तासात स्वारी चिखलाच्या पंजांनी आत आली. डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून पाहिले, गाठी झाल्या नाहीत. पहिलवान आडवा पडून काकूचं कोपर चाटत राहिला आणि पिशवी भरत गेली. तोवर बाईसाहेबचा श्वास उथळ झाला होता. पोटावरचे केस काढताना काकूनं वस्तरा असा धरला, जणू कागदी फुग्यावरून फिरवतेय. एक ओरखडा नको होता आज.

सव्वाअकराला डॉक्टरांनी पोट उघडलं.

काकूचं बोट मांडीच्या आत. दुसऱ्या हातानं दर पाच मिनिटांनी तक्त्यावर लिहायचं, नाडी, श्वास, जिभेचा रंग. नाडी होती, पण दोऱ्यासारखी. वर पहिलवानाचं रक्त थेंब थेंब आत जात होतं आणि खाली बाईसाहेबचं झिरपून बाहेर येत होतं. जिथे सुरी लागली तिथून, जिथे चिमटा लागला तिथून, जिथे काहीच लागलं नव्हतं तिथूनही. डॉक्टर रक्त टिपायला जाळीच्या कापडाचे तुकडे मागत होते. ‘अजून.’ ‘अजून.’ ‘दाबा इथे.’ सगळं एकेकदा. फुगलेलं गर्भाशय दोन्ही हातांत अलगद बाहेर आलं तेव्हा दोघांनीही श्वास रोखला होता. ते न फुटता ताटलीत गेलं. पण गाठ मारली तरी गाठीखालून ओल येतच होती.

‘श्वास?’

‘आठ.’

‘जीभ?’

‘फिकी.’

श्वास मोजताना काकूचं डोकं रिकामं असायचं. एक, थांब, दोन, थांब. आज मात्र त्या थांबण्यात काहीतरी शिरलं. अर्धी तिला, अर्धी मला. सकाळपासून ती फक्त कुत्रीच्या अर्ध्या गोळीकडे बघत होती. उरलेल्या अर्धीचं काय? छातीत झटका येऊन गेलेला माणूस सव्वा महिना अर्ध्या औषधावर बाहेर खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवून. मघाशी आत येताना दहा पावलांत दोनदा थांबला होता तो. तिनं ते गुडघ्यांवर ढकललं होतं.

‘काकू. श्वास.’

‘नऊ,’ ती म्हणाली. ‘नऊ आहे.’

पावणेएकला पोट शिवून झालं. ओल थांबली होती असं नाही, पण कमी झाली होती. बाईसाहेबला खाली गादीवर ठेवलं, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना, अंगावर कांबळं. काकू शेजारी जमिनीवर बसली. गिळायची हालचाल दिसेपर्यंत घशातली नळी काढायची नाही, आणि दिसली की क्षणभर ठेवायची नाही. वीस मिनिटांनी घसा हलला. काकूनं नळी ओढली. बाईसाहेबनं एक लांब, घोगरा, तक्रारीचा सूर काढला, जसा कुणी झोपमोड झालेला माणूस काढतो.

‘जगेल का?’ काकूनं विचारलं.

‘उद्या सकाळी विचारा,’ डॉक्टर म्हणाले.

काकू उठली. हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले. मग बाहेर गेली. आजोबा तिच्याकडे बघत होते, आणि तिनं त्यांच्याकडे न बघता मुलीला खिडकीपाशी बोलावलं.

तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. मुलगी, जी सकाळपासून एक क्षण थांबली नव्हती, ती थांबली.

‘दर रविवारी मी डबी भरते,’ ती म्हणाली. ‘शनिवारी रिकामी असते. मला वाटायचं...’

‘ताई, ते सकाळी दहा पावलांत दोनदा थांबले. आत्ता घेऊन जा त्यांना. घरी नाही, हॉस्पिटलात.’

आजोबांना सांगावं लागलं नाही. मुलगी वळली तशी त्यांना कळलं. उठले, आणि दाराशी काकूपाशी येऊन थांबले.

‘मी तुम्हाला पुडी उघडून दाखवली होती,’ एवढंच म्हणाले. आवाज चढला नाही. काकूला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

बाईसाहेब जगली. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायली, तिसऱ्या दिवशी तिनं काकूच्या हातून उकडलेलं चिकन खाल्लं आणि चौथ्या दिवशी मुलगी तिला घेऊन गेली, स्वतःच्या घरी. आजोबा दोन दिवस हॉस्पिटलात होते. ‘अजून आठवडा काढला असता तर कठीण होतं म्हणाले,’ मुलीनं सांगितलं. काकूनं ‘बरं झालं’ म्हटलं. ते तिच्या स्वतःच्याच कानाला पोकळ लागलं.

दहाव्या दिवशी टाके काढायला मुलगी एकटीच आली. बाईसाहेब टेबलावर शांत उभी राहिली, टाके कटकट निघाले, जखम सुकलेली होती. मुलगी तोंड उघडायची आणि मिटायची.

‘बोला ताई.’

‘बाबा गोळ्या घेत नाहीयेत.’

‘अर्ध्या?’

‘एकही नाही. डबी जशीच्या तशी. ओरडून झालं, रडून झालं. म्हणतात, कुत्री नेलीस ना, आता गोळ्याही ने.’

काकूनं शेवटचा दोरा चिमट्यानं ताटलीत टाकला. ‘किती दिवस झाले?’

‘पाच.’

काकूनं ॲप्रन काढून खुंटीला लावला. डॉक्टर मांजराच्या कानात बघत होते, त्यांनी मान वर केली. ‘कुठे कुठे कुठे?’

‘तासाभरात येते.’

‘काकू, तुम्ही म्हणाल तर नेते मी हिला तिकडे,’ गाडीत मुलगी म्हणाली. ‘पण ते परत वाटून खातील. मग हिला पुन्हा, आणि त्यांना पुन्हा... कोण बघणार? मी चोवीस तास नाही बसू शकत डोक्यावर.’

‘माहीत आहे.’

‘मग?’

‘मग मलाही माहीत नाही, ताई. पण पाच दिवस म्हणजे पाच दिवस.’

आजोबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद. ताज्या जखमेला चढ नको, म्हणून दोघींनी कुत्रीला चादरीच्या झोळीतून वर नेलं, मध्ये तीनदा टेकत. बेल वाजवल्यावर बराच वेळ काही हललं नाही. मग सपाता घासत आल्या. दार वीतभर उघडलं.

आजोबांचे निळसर ओठ काकूला आवडले नाहीत. जनावराचे असते तर तिनं लगेच उलटून हिरड्या बघितल्या असत्या.

‘बाबा, हिला आणलंय. राहू दे तुमच्याकडे. पण तुम्ही नीट—’

आजोबांनी मुलीकडे पाहिलं नाही, काकूकडे तर नाहीच. दार पूर्ण उघडलं, वाकायला जमत नव्हतं तरी वाकले. ‘आलीस?’ म्हणाले. बाईसाहेब झोळीतून उतरून त्यांच्या पायांमधून आत निघून गेली, जणू मघाशीच कोपऱ्यापर्यंत जाऊन आली होती. मुलीनं गोळ्यांची डबी पुढे केली. आजोबांनी ती घेतली आणि दार लावलं.

दोघी जिन्यावर उभ्या राहिल्या. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डबीचं झाकण. मुलीनं काकूचा दंड धरला. नखांची टकटक फरशीवरून जवळ आली आणि थांबली. बाईसाहेब वास घ्यायला आली होती.

‘चल, बाजूला हो,’ आतून आजोबा म्हणाले. ‘ही तुझी नाही. ही माझी आहे. अख्खी.’ मग पाण्याचा ग्लास टेबलावर टेकला, ठण्णकन.

मुलीनं श्वास सोडला. तिचे डोळे भरले. ‘ऐकलंत? चला, काकू. घेतली त्यांनी.’

ती दोन पायऱ्या उतरली. काकू हलली नाही. घरात एकटा असलेला माणूस कुत्र्याशी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही, दाराबाहेर कुणी ऐकावं म्हणून बोलतो. दारापलीकडे आता अगदी शांत होतं. ती पुढे झाली आणि दाराला कान लावला.